फुटबॉलचा विश्वबंधु : ज्यूल रिमे

ज्या खेळासाठीं आमचे विद्यार्थी शाळा सुटल्याच्या घंटेकडे कान लावून बसतात, आणि ज्याच्यापायीं फाटलेल्या सदऱ्यांची व सोललेल्या गुडघ्यांची तक्रार त्यांच्या मातांच्या तोंडीं नित्य असते, त्या फुटबॉलला सर्व जगाचा खेळ करण्यांत ज्या गृहस्थानें आपलें आयुष्य वेंचलें, त्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. चरित्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सेनापति, मुत्सद्दी, कवि किंवा साधुपुरुष उभे राहतात. क्वचित् एखादा नामांकित खेळाडूहि उभा राहतो. परंतु मैदानाच्या कडेला बसून नियम करणारा, भांडणें मिटविणारा व देशोदेशींच्या मंडळींशीं पत्रव्यवहार करणारा मनुष्य चरित्राचा विषय होऊं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. फ्रान्स देशाचे ज्यूल रिमे हे असेच एक गृहस्थ होते. खेळाडू म्हणून त्यांची कीर्ति नाहीं. तथापि आज लहानमोठीं राष्ट्रें दर चार वर्षांनीं एका मैदानावर एकत्र येतात, त्याचें बरेंचसें श्रेय त्यांचें आहे. म्हणून त्यांचा अल्प परिचय आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावा, असें आम्हांस वाटलें.

फ्रान्सच्या पूर्व भागांत ओत-सोन नांवाचा प्रांत आहे. त्यांतील तले ह्या लहानशा खेड्यांत १४ ऑक्टोबर १८७३ रोजीं ज्यूलचा जन्म झाला. प्रशियाशीं झालेल्या युद्धांत फ्रान्सचा पराभव होऊन त्या वेळीं पुरतीं तीन वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. रिमे कुटुंब शेतीवर गुजराण करणारें होतें. परंतु शेतींत भागेना, म्हणून वडिलांनीं पॅरिसची वाट धरली आणि तेथें किराणा मालाचें लहानसें दुकान घातलें. अकरा वर्षांचा ज्यूलहि पुढें त्या अफाट शहरांत येऊन दाखल झाला. ज्या वस्तींत तो वाढला, तिच्या जवळच थोड्याच वर्षांत आयफेलचा प्रचंड लोखंडी मनोरा चढूं लागला व १८८९ सालीं पुरा झाला. एकीकडे असें वैभव आणि दुसरीकडे गल्लीबोळांतून राहणारे कारागीर, हमाल व नोकरचाकर, हें दृश्य त्या खेडवळ मुलानें रोज पाहिलें. दुकानदाराच्या मुलास गिऱ्हाइकांच्या उधारीवरून त्यांच्या घरची स्थिति कळते. तेव्हां गरिबीची ओळख त्यास पुस्तकांतून करून घ्यावी लागली नाहीं.

ज्यूल अभ्यासांत हुशार होता. कष्ट करून तो कायद्याचा अभ्यास पुरा करता झाला आणि वकील बनला. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं कामकरी वर्गाच्या स्थितीविषयीं एक प्रसिद्ध पत्रक काढलें. कामकऱ्यास योग्य मजुरी मिळाली पाहिजे, त्याच्या माणुसकीचा मान राखला गेला पाहिजे आणि वर्गावर्गांतील वैर सहकार्यानें मिटलें पाहिजे, असा त्याचा आशय होता. धर्मनिष्ठ अशा ह्या तरुणाच्या मनावर त्या शिकवणीचा खोल ठसा उमटला. पुष्कळ तरुण असे विचार वाचतात, त्यांवर सभांतून बोलतात, आणि पुढें संसाराच्या धांवपळींत विसरून जातात. रिमे यांनीं ते विचार मैदानावर आणून पाहण्याचें ठरविलें.

त्या काळीं फ्रान्समध्यें मैदानी खेळ म्हणजे सधनांची करमणूक समजली जाई. इंग्लंडांतून आलेला फुटबॉल तर हलक्या लोकांचा खेळ म्हणून अनेक प्रतिष्ठित मंडळी नाकें मुरडीत. अशा स्थितींत २१ फेब्रुवारी १८९७ रोजीं रिमे, त्यांचे बंधु मोदेस्त आणि कांहीं मित्र पॅरिसमधील एका उपाहारगृहांत जमले व त्यांनीं एक क्लब स्थापन केला. त्याचें नांव रेड स्टार, म्हणजे लाल तारा. एका आंग्ल शिक्षिकेनें एका जहाज कंपनीच्या नांवावरून तें सुचविलें, असें सांगतात. ह्या क्लबांत सभासदाचा दर्जा पाहावयाचा नाहीं, असा संस्थापकांचा निश्चय होता. वकील आणि सुतार ह्यांनीं एकाच संघांत खेळावें, ही गोष्ट आज आम्हांस साधी वाटते. त्या वेळीं ती साधी नव्हती.

पुढें रिमे यांचें कार्यक्षेत्र वाढत गेलें. १९०४ सालीं पॅरिस येथें सात राष्ट्रांनीं मिळून आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना, जिला आपण फिफा म्हणतों, ती स्थापन केली. १९१० सालीं फ्रान्समध्यें फुटबॉल क्लबांचा एक स्वतंत्र संघ निघाला, त्याचे रिमे अध्यक्ष झाले. इतक्यांत १९१४ चें महायुद्ध पेटलें. रिमे सैन्यांत दाखल झाले, आघाडीवर लढले आणि त्यांच्या शौर्याबद्दल त्यांस युद्धपदक मिळालें. खंदकांतील मृत्यूचें थैमान प्रत्यक्ष पाहून परत आलेला हा मनुष्य शत्रुराष्ट्रांविषयीं मनांत विष घेऊन आला असता, तरी त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील तरुणांनीं एकमेकांस मैदानावर भेटावें, ही त्यांची श्रद्धा उलट दृढ झाली. १९१९ सालीं ते नव्या फ्रेंच फुटबॉल महामंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १९२१ सालीं फिफाचेंहि अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. त्या वेळीं त्या संस्थेची दशा शोचनीय होती. कालच्या शत्रूंशीं खेळावयाचें नाहीं ह्या कारणासाठीं ब्रिटिश संघटना १९२० सालीं बाहेर पडल्या होत्या. मोडकळीस आलेलें घर सांवरण्याचें काम रिमे यांच्या वांट्यास आलें, आणि तें त्यांनीं पुढें तेहतीस वर्षें केलें.

आतां आम्ही त्यांच्या आयुष्यांतील ज्या प्रश्नाकडे वळतों, तो आमच्या पालकवर्गासहि विचार करावयास लावील असा आहे. खेळाडूनें खेळण्याबद्दल पैसे घ्यावे कीं घेऊं नयेत? त्या काळच्या अनेक थोर मंडळींचें मत असें होतें, कीं पैशाचा स्पर्श होतांच खेळ विटाळतो. हें मत ऐकावयास उदात्त आहे. परंतु तें मांडणारे बहुधा ज्यांस उद्यांच्या भाकरीची चिंता नाहीं असे असत. कारखान्यांतील मजूर दूरच्या सामन्यास गेला तर त्याचा दोन दिवसांचा रोज बुडे, आणि पाय मोडला तर घरची चूल विझे. त्यामुळें झालें असें, कीं वरून सर्व क्लब हौशी म्हणवीत आणि चांगल्या खेळाडूस पाकिटांतून गुपचूप पैसे देत, किंवा नांवाची एखादी नोकरी देत. नियम एक आणि आचार दुसरा, अशी ही स्थिति होती. पैसे घेणाऱ्यास खोटें बोलावें लागे आणि देणाऱ्यास खोटा हिशेब लिहावा लागे.

सोशो येथील मोटारींच्या पेझो कारखान्यानें १९२८ सालीं आपला क्लब काढला, आणि खेळाडूंस उघडपणें वेतन द्यावें हा आग्रह तेथून अधिकच जोरानें होऊं लागला. शेवटीं १९३१ च्या जानेवारींत रिमे ज्याचे अध्यक्ष होते त्या महामंडळानें धंदेवाईक खेळास मान्यता दिली. जें लपून चाललें होतें तें उजेडांत आणावें आणि त्यास नियमांचें बंधन घालावें, हा त्यांतील हेतु.

सप्टेंबर १९३२ मध्यें फ्रान्सची पहिली धंदेवाईक साखळी स्पर्धा सुरू झाली. वीस क्लब, दहा-दहांचे दोन गट, आणि दोन्ही गटांतील पहिल्यांचा अंतिम सामना, अशी तिची योजना होती. परंतु पहिल्याच वर्षीं नव्या व्यवस्थेची कसोटी लागली. एका गटांत पहिला आलेल्या आंतीबच्या संघानें एक सामना पैसे चारून जिंकला असा संशय उत्पन्न झाला, आणि त्यास बाद करून दुसऱ्या क्रमांकाच्या कानच्या संघास अंतिम सामन्यांत घेण्यांत आलें. त्या सामन्यांत लीलच्या संघानें कानवर चार विरुद्ध तीन असा विजय मिळविला. ज्यांनीं पैशाविरुद्ध इशारा दिला होता त्यांस आपलेंच खरें झालें असें वाटलें असेल. पण पूर्वीं असे प्रकार अंधारांत जिरून जात. आतां चौकशी करणारी व शिक्षा देणारी उघड व्यवस्था होती, हाहि फरक ध्यानांत घेतला पाहिजे.

त्याच वर्षीं दुसरी एक घटना घडली. पुढील वर्षापासून दुसरी श्रेणी काढावयाची, व प्रत्येक गटांतील तळाच्या तीन संघांस तींत उतरवावयाचें, असें ठरलें होतें. खालीं उतरणाऱ्या त्या सहा संघांत रेड स्टारचें नांव होतें. फ्रेंच चषक चारदां जिंकलेला हा क्लब. देशाच्या फुटबॉल महामंडळाच्या अध्यक्षानेंच पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीं स्वतःच्या हातांनीं लावलेलें हें रोप! आपल्याकडे अशा प्रसंगीं काय होतें, हें आम्हीं सांगावयास नको. एखादी पोटकलम शोधली जाते, एखादी समिति नेमली जाते, आणि मोठ्या माणसाच्या संस्थेस सूट मिळते. येथें तसें कांहीं झालें नाहीं. नियमाप्रमाणें रेड स्टार खालीं उतरला.

फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीचा तो १९३३-३४ चा पहिलाच हंगाम. उत्तर व दक्षिण असे दोन विभाग पाडले होते. वरच्या श्रेणीचा झगमगाट तेथें नव्हता. प्रेक्षक थोडे, उत्पन्न बेताचें, आणि खर्च मात्र सुटत नाहीं. अशा ठिकाणीं खेळणाऱ्याच्या निष्ठेची परीक्षा अधिक कठीण असते. वरून खालीं आलेल्या संघाची तर फारच कठीण, कारण त्यास प्रत्येक मैदानावर आपल्या जुन्या वैभवाची आठवण छळीत असते. रेड स्टारनें त्या आठवणी बाजूस ठेवून तो हंगाम खेळून काढला, आणि दुसऱ्या श्रेणीचें अगदीं पहिलें विजेतेपद मिळवून तो पुन्हां वर चढला. १९३९ सालींहि हें विजेतेपद त्यानें आणखी एकदां मिळविलें. म्हणजे मध्यंतरीं तो पुन्हां घसरला होता, हें वाचकांनीं ताडलेंच असेल. चढणें आणि उतरणें हा त्या क्लबाच्या आयुष्याचा क्रमच होऊन बसला. परीक्षेंत एकदां अनुत्तीर्ण झाल्यामुळें सर्व संपलें असें समजून बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या लाल ताऱ्याकडे अवश्य पाहावें.

हौशी व धंदेवाईक ह्या वादानेंच रिमे यांच्या सर्वांत मोठ्या कार्यास जन्म दिला. ऑलिंपिकमध्यें फक्त हौशी खेळाडूंस प्रवेश असल्यामुळें तेथील विजेता हा जगांतील सर्वश्रेष्ठ संघ, असें म्हणतां येत नसे. म्हणून २६ मे १९२८ रोजीं ॲम्स्टरडॅम येथील सभेंत फिफानें सर्वांस खुली अशी जागतिक स्पर्धा भरविण्याचें ठरविलें. ह्या कामीं रिमे यांचे सहकारी आंरी दलोने यांचे श्रमहि मोठे होते. पहिल्या स्पर्धेचा मान दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे ह्या चिमुकल्या देशास मिळाला. १९२४ व १९२८ चा ऑलिंपिक विजेता तोच होता. शिवाय १९३० हें त्याच्या पहिल्या राज्यघटनेचें शतसांवत्सरिक वर्ष असल्यामुळें त्यानें नवें भव्य मैदान बांधण्याचें व पाहुण्यांचा प्रवासखर्च सोसण्याचें वचन दिलें होतें.

परंतु समुद्रापलीकडे जाण्याचा प्रश्न येतांच युरोपांतील राष्ट्रें मागें सरूं लागलीं. पंधरा दिवस जाण्याचे, पंधरा दिवस येण्याचे, आणि मध्यें स्पर्धा. इतकी रजा कोण देणार? स्पर्धेस दोन महिने उरले तरी युरोपांतून एकहि नांव आलें नव्हतें. रिमे यांनीं खटपट केली, आर्जवें केलीं. अखेर फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हीं चारच राष्ट्रें तयार झालीं. १९३० च्या जून महिन्यांत काँते व्हेर्दे नांवाच्या जहाजावर पहिले तीन संघ चढले, आणि त्यांच्याबरोबर रिमेहि चढले. त्यांच्या सामानांत आबेल लाफ्लर ह्या शिल्पकारानें घडविलेला, विजयदेवतेची आकृति असलेला, सोन्याचा मुलामा दिलेला चषक होता. खेळाडू डेकवर व्यायाम करीत अटलांटिक महासागर ओलांडीत होते. वाटेंत रिओ येथें ब्राझीलचा संघहि त्याच जहाजावर आला, आणि ४ जुलै रोजीं सर्व मंडळी माँटेव्हिडिओ बंदरांत उतरली.

त्या स्पर्धेंत एकंदर तेराच संघ होते. पहिला गोल फ्रान्सच्या ल्यूसिएं लोरां यानें मेक्सिकोविरुद्ध केला. ३० जुलै रोजीं उरुग्वे व आर्जेन्टिना यांचा अंतिम सामना झाला. चेंडू कोणाचा वापरावयाचा ह्यावरून वाद पडला, तेव्हां अर्धा वेळ एकाचा व अर्धा वेळ दुसऱ्याचा, असा तोडगा निघाला. मध्यांतरास मागें असलेल्या उरुग्वेनें शेवटीं चार विरुद्ध दोन अशी बाजी मारली. तेरा संघांचें तें लहानसें संमेलन आतां केवढें वाढलें आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं सांगणें म्हणजे गुरूस विद्या शिकविण्यासारखें आहे.

येथवर आम्हीं रिमे यांचे गुण वर्णिले. परंतु चरित्रलेखकानें छाया झांकून केवळ प्रकाश दाखवूं नये. १९३४ ची स्पर्धा इटलींत झाली, आणि मुसोलिनीनें ती आपल्या राजवटीचा डंका पिटण्यासाठीं वापरली. १९३८ सालीं स्पर्धा फ्रान्समध्येंच भरली. पण जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळें पात्र ठरलेला ऑस्ट्रियाचा संघ येऊं शकला नाहीं, आणि स्पेन तर यादवी युद्धांत होरपळत होता. खेळ राजकारणापासून अलिप्त ठेवावा, अशी रिमे यांची निष्ठा होती. परंतु राजकारण खेळापासून अलिप्त राहावयास तयार नव्हतें. ज्यांचे हेतु कुटिल होते त्यांच्या शेजारीं हा सरळ मनाचा वृद्ध बसला, आणि त्यांस रोखण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं नव्हतें. सद्हेतु असला म्हणजे सावधगिरीची गरज नाहीं, असें समजणाऱ्यांनीं हा प्रसंग विसरूं नये.

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू झालें. १९४० सालीं फ्रान्सचा पाडाव झाला. नव्या व्हिशी सरकारचा धंदेवाईक खेळावर रोष होता. अशा काळांत, १९४२ सालीं, रिमे यांनीं फ्रेंच महामंडळाचें अध्यक्षपद सोडलें. इकडे इटलींत ओत्तोरिनो बारास्सी ह्या अधिकाऱ्यानें तो सुवर्णचषक बुटांच्या खोक्यांत घालून आपल्या बिछान्याखालीं लपविला व वांचविला. युद्ध संपल्यावर १९४६ सालीं, रिमे यांच्या अध्यक्षतेस पंचवीस वर्षें झालीं म्हणून, त्या चषकास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. ब्रिटिश संघटनाहि त्याच वर्षीं फिफांत परतल्या.

ह्याच सुमारास आपल्या देशाचाहि ह्या चरित्राशीं संबंध येतो. १९४८ सालीं भारताची फुटबॉल संघटना फिफाची सभासद झाली. त्या वर्षीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध खेळला. आमचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वायां गेल्या आणि भारत दोन विरुद्ध एक असा हरला; पण पाहणाऱ्यांनीं त्या अनवाणी पायांचें कौतुकच केलें. १९५० च्या जागतिक स्पर्धेंतहि भारतास स्थान मिळालें होतें, परंतु आमचा संघ गेला नाहीं. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळें गेला नाहीं, अशी कथा पुढें पसरली. संघटनेनें मात्र संघनिवडींतील मतभेद व सरावाची अपुरी सवड हीं कारणें दिलीं होतीं. असो. उंबरठ्यापर्यंत जाऊन परतल्याचें शल्य आजहि आहे.

त्या १९५० च्या स्पर्धेचा शेवटचा सामना रिओच्या माराकाना मैदानावर १६ जुलै रोजीं झाला. पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. यजमान ब्राझीलला बरोबरीहि पुरेशी होती. उरुग्वेला विजयच हवा होता. ब्राझीलचा विजय निश्चित समजून रिमे यांनीं पोर्तुगीज भाषेंत अभिनंदनाचें भाषण तयार ठेवलें होतें. उभयपक्षीं एक-एक गोल झाला असतां, समारंभाच्या तयारीसाठीं ते जागेवरून उठून जिन्यांनीं खालीं निघाले. ते मैदानाशीं पोंचले तों सर्वत्र स्मशानशांतता पसरली होती. तेवढ्या अवधींत घिज्जिया ह्या खेळाडूनें गोल करून उरुग्वेस विजयी केलें होतें. ना मानवंदना, ना राष्ट्रगीत. ठरविलेला सर्व समारंभ उधळला गेला होता. गर्दींत चषक बगलेंत धरून उभ्या राहिलेल्या त्या शहात्तर वर्षांच्या वृद्धानें उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला यास शोधून काढलें, चषक त्याच्या हातीं दिला, हस्तांदोलन केलें, आणि तो निघून गेला. तयार भाषण खिशांतच राहिलें. आम्हांस हा प्रसंग फार बोधप्रद वाटतो. ज्याच्या विजयाची जगानें अपेक्षा केली नव्हती, त्याचा हक्क त्यास चोख पोंचविणें, हें रिमे यांचें शेवटपर्यंतचें व्रत होतें.

१९५४ सालीं वयाच्या ऐंशीव्या वर्षीं त्यांनीं फिफाचें अध्यक्षपद सोडलें, त्या वेळीं सभासद राष्ट्रांची संख्या ८५ झाली होती. ऑक्टोबर १९५६ मध्यें, वयाचीं त्र्याऐंशीं वर्षें पुरीं होतांच, पॅरिसजवळ स्युरेन येथें त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या नांवाचा चषक तीनदां जिंकल्यामुळें १९७० सालीं तो ब्राझीलकडे कायमचा गेला, आणि १९८३ सालीं रिओ येथून चोरीस गेला तो पुन्हां सांपडला नाहीं. रेड स्टार मात्र अद्याप आहे. अनेक पायऱ्या खालीं घसरून व अनेकदां सांवरून १९३४ पासून नव्वद वर्षांनीं, म्हणजे २०२४ सालीं, तो तिसऱ्या श्रेणीचें विजेतेपद मिळवून पुन्हां फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणींत आला.

सोनें गेलें आणि क्लब राहिला, ह्यांत आमच्या मतें रिमे यांच्या चरित्राचें सार आहे. एका किराणा दुकानदाराच्या मुलानें गरिबास मैदानाचें दार उघडून दिलें, त्याच्या घामाचा मोबदला चोरून न देतां राजरोस द्यावा ही व्यवस्था मान्य केली, आणि आपण घातलेला नियम आपल्याच क्लबावर उलटला तेव्हां तो उलटूं दिला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं सर्वच कांहीं नामांकित खेळाडू होणार नाहींत. परंतु खेळतांना रेघेबाहेर गेलेला आपला चेंडू आपणच बाहेर गेला म्हणून सांगणें, संघ निवडतांना मित्राच्या बापाचा हुद्दा न पाहणें, आणि हरलेल्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशीं पुन्हां मैदानावर हजर होणें, एवढें तर प्रत्येकास करतां येईल. तसें जे करतील, त्यांच्या फाटक्या सदऱ्यांबद्दल त्यांच्या मातांनीं फारसें रागावूं नये, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.